काचेमागची थोरली

आमच्या काकाचं पहिलं लग्न कधी झालंच नाही, पण दुसरं झालं. असं सांगितलं की ऐकणारे म्हणतात, बाई, नीट सांग. मी नीटच सांगतेय. जे जसं घडलं ते तसंच सांगायचं तर त्यात माझा काय दोष? दोष द्यायचाच असेल तर तो तीन विलायती तसबिरींना द्या, आणि त्याहून जास्त आमच्या आबांना द्या. तोंड उघडायचं नाही ही त्यांची जन्माची सवय त्यांनी नेमकी नको त्या दिवशी मोडली.

आम्ही धानोऱ्याला राहत होतो. आबा, म्हणजे माझे वडील, शेती बघायचे. काका त्यांचा धाकटा भाऊ, खांडबाऱ्याच्या स्टेशनावर मालाच्या कामाला कारकून होता. आजी-आजोबा आधीच गेलेले, त्यामुळे काकाची आई म्हणा, बहीण म्हणा, जे काही ते आमची आईच. काकाला आम्ही पोरं अरेतुरेच करायचो, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

काकाचं लग्न जमत नव्हतं. दिसायला तो वाईट नव्हता; कान जरा पुढे आलेले, एवढंच. पण सोयरे म्हणत, रेल्वेतला नवरा म्हणजे गाडीची शिटी झाली की भरल्या ताटावरून उठणारा. दोघांनी नकार दिला की तिसरा विचारी, त्या दोघांनी का दिला? आणि विचार करून तोही देई. असं करत करत काकाचं वय वाढत चाललं. आईनं तर नवसांची अशी काही रांग लावली होती की कुठल्या देवाला काय कबूल केलंय हे तिचं तिलाच आठवेना.

अशात तळोद्याच्या एका लग्नात काकानं एक मुलगी पाहिली. पाहिली म्हणजे काय, पंगतीत वाढताना तिच्या हातून कढी सांडली ती थेट काकाच्या टोपीवर. तिनं "भाजलं का?" असं विचारलं, आणि काकानं "नाही, खारट आहे" असं उत्तर दिल्यावर ती तोंडाला पदर लावून हसत आत पळाली. काका त्या दिवसापासून कामातून गेला. हीच मिळाली तर लग्न, नाहीतर मी असाच बरा, असं त्यानं आईला सांगून टाकलं. मुलगी मराठी सातवी झालेली, तालुका कचेरीतल्या कारकुनाची लेक. तिच्या वडिलांचा निरोप आला की मुलगी शिकलेली आहे, घर सुधारलेलं हवं, आम्ही येऊन घर बघू.

आता सुधारलेलं घर म्हणजे काय, ते धानोऱ्यात कोणाला ठाऊक? आईच्या मते नवा चुना लावला की घर सुधारलं. आबांच्या मते घर सुधारलेलंच होतं, कारण धाबं गळत नव्हतं. काका म्हणाला, "तसं नसतं वहिनी. खांडबाऱ्याला पुलाच्या साहेबाचा बंगला आहे. मी आत जाऊन आलोय. भिंतीवर नुसती चित्रं. देव नाहीत, राजे नाहीत. झाडं, पाणी, बाया, असली चित्रं." आईनं विचारलं की मग त्यांची पूजा कशी करतात? काका म्हणाला, पूजा नाही करत, नुसतं बघतात. आईला ते पटलेलं नव्हतं.

काका नंदुरबारला तसबिरीवाल्या चाचांकडे गेला आणि मलाही बरोबर घेऊन गेला. चाचांच्या दुकानात एका बाजूला आमचे देव, दुसऱ्या बाजूला मक्का-मदिना, आणि मधल्या भिंतीवर गावातले मेलेले लोक, सगळे सोनेरी चौकटीत. त्यांनी सुरतेच्या जुन्या बाजारातून एक विलायती चित्रांचं पुस्तक आणलं होतं. पुस्तकाची शिवण उसवलेली, पण कागद जाड आणि रंग असे की मी बोट लावून पाहिलं.

"हात मत लगाव, बेटी," चाचा म्हणाले. "और साब, नज़दीक से मत देखो. ये कलम दूर से देखने की है."

जवळून खरोखरच काही दिसत नव्हतं. नुसते रंगाचे फराटे. काका मागे सरकला, दुकानाची पायरी उतरला, रस्ता ओलांडून समोरच्या बांगडीवाल्याच्या ओट्यावर चढला, आणि तिथून ओरडला, "दिसली! बाई दिसली!" बाजारातले सगळे लोक वळून बघायला लागले. तिथल्या तिथे तीन पानं निवडून झाली आणि चाचांनी ती सोनेरी चौकटीत बसवून दिली.

घरी आल्यावर पंचाईत ही झाली की आमच्या बैठकीत इतकं लांब जायला जागाच नव्हती. चित्र दिसेपर्यंत मागे मागे सरकलं की माणूस गोठ्यात पोचे. त्यामुळे तसबिरी नीट दिसल्या त्या फक्त आमच्या बैलांना.

एका चित्रात उन्हात उभी असलेली कडब्याची गंजी होती. आबांनी ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "हाई गंजी कोनी रची? एक बाजूनी निळी पडी गयी. ढोर तोंड बी लावत नही आशी गंजीले." आणि ते शेतावर निघून गेले. दुसऱ्यात तळं होतं, हिरवं, वर कमळं. आईला वाटलं कागदाला ओल लागलीय, म्हणून तिनं ती तसबीर चांगली दोन दिवस उन्हात ठेवली. आणि तिसऱ्यात ती बाई. गवताच्या उंचवट्यावर उभी, पांढरा झगा, हातात हिरवी छत्री, वाऱ्यानं सगळं उडतंय. तिच्या मागे टोपी घातलेला एक पोरगा, गवतात कमरेपर्यंत बुडालेला. बाईचं तोंड मात्र धड कळत नव्हतं. आईनं राखेनं काच घासली, चिंचेनं घासली. तोंड काही उजळेना.

पाहुणे यायच्या दिवशी काकाची मालगाडी अडकली. म्हणजे अडकणारच. तो येईपर्यंत घरात आई, आबा आणि मी. आईनं सकाळपासून झेंडूचे हार ओवले होते. आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की भिंतीवरच्या सगळ्या तसबिरींना हार चढायचा. देवांना, आजोबांच्या फोटोला, आणि त्या दिवशी ओघानंच नव्या तिघांनाही. गंजीला हार, तळ्याला हार, बाईला हार. एवढ्यावर आई थांबती तरी चाललं असतं. पण हार घातलेली बाई बिनकुंकवाची तिला बघवेना. मग तिनं जिथे कपाळ असावं असा अंदाज आला तिथे काचेवर ठळक कुंकू लावलं.

मुलीचे वडील आणि त्यांची बहीण, म्हणजे मुलीची आत्या, असे दोघं आले. वडील कचेरीतली शुद्ध भाषा बोलणारे. आत्या मात्र आमच्यासारखीच, अंगानं रुंद, आणि एक डोळा बारीक करून बघायची सवय. हार घातलेली गंजी पाहून वडिलांनी मान डोलावली. शेतावर एवढी श्रद्धा असलेलं घर त्यांनी पाहिलं नव्हतं म्हणे. आत्या पुढे गेली आणि बाईसमोर थांबली. तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले.

"कधळ गयी हो बिचारी?" कधी वारली, असं तिनं आईला विचारलं.

आईनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "ती? ती कोनी नही."

"कोनी नही तं हार काबर? कुकू काबर?" आत्यानं डोळा बारीक केला. "कोनी नही आशी बाई घरमा कोन टांगस?"

आणि खरं सांगते, तिचं काही चुकत नव्हतं. आमच्या मुलखात भिंतीवर असतात ते देव, नाहीतर राजे, नाहीतर घरातले मेलेले. अनोळखी बाईला सोनेरी चौकट करून घरात लावणारा बिनलग्नाचा पुरुष म्हणजे काय समजायचं? आत्यानं ते समजायला सुरुवात केलीच होती; तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. आईच्या डोळ्यांत पाणी तरळलं. काकाला मिळणारी एकुलती एक मुलगी आता दारातून परत जाणार होती.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले आबा बोलले. वर्षाला चार वाक्यं बोलणारा माणूस.

"त्यानी पहिली बायकु शे ती. मरी गयी."

मी आईकडे पाहिलं. आईनं भिंतीकडे पाहिलं.

"आमच्यापासून लपवायचं काय कारण?" मुलीचे वडील म्हणाले.

"त्याले दुख व्हस. म्हनीसन आम्ही बोलत नही."

"पण हा असा पोशाख?"

"आपलामानीच शे. बडोदानंगची. तठे आशाच कपडा घालतस." बाई आपल्यातलीच, पण बडोद्याकडची! आबा एकदा उताराला लागले ते लागलेच. बडोद्याचं नाव ऐकून वडिलांनी समजल्यासारखी मान हलवली, कारण बडोद्याला काहीही होऊ शकतं हे त्यांनी कचेरीत ऐकलेलं होतं. आत्यानं मात्र काचेला नाक लावलं.

"आनि हाऊ पोऱ्या?"

आबांनी पुढे वाकून चित्र पाहिलं. पोरगा त्यांच्या ध्यानातच नव्हता. "मामाना घर शे," ते म्हणाले.

आता चहा न घेता उठतील, असं मला वाटलं. पण बहीण-भाऊ ओट्यावर जाऊन कुजबुजले आणि हसतमुखानं आत आले. त्यांचा हिशेब असा होता: या मुलाला आजवर कोणी मुलगी दिली नाही याचीच त्यांना शंका होती. आता कळलं की एका घरानं दिली होती, तीही बडोद्याच्या. म्हणजे मुलात खोट नव्हती, नशिबात होती. बिजवर तर बिजवर. सुपारी फुटली, गूळ वाटला, आणि अंगभर कोळशाची धूळ घेऊन काका दारात आला. मुलीच्या वडिलांनी त्याला छातीशी धरलं आणि "सोसायचं असतं" असं म्हणाले. काकाला वाटलं नकार आला. तो रडायलाच लागला, आणि त्याच्या रडण्यानं सगळ्यांची उरलीसुरली शंकाही फिटली.

पाहुणे गेल्यावर त्याला कळलं तेव्हा तो इतका चिडला की त्यानं टोपी जमिनीवर आपटली. "मी उद्याच तळोद्याला जाऊन खरं सांगतो," तो म्हणाला. आई म्हणाली, जा, सांग, आणि मग जन्मभर मालगाड्या मोज. काका गेला नाही. पण लग्न झाल्यावर तिला पहिल्यांदा हेच सांगायचं असं त्यानं ठरवलं. इकडे आबा नंदुरबारला जाऊन चाचांना शपथ घालून आले की कोणी विचारलंच, तर बाई होती म्हणायचं.

वैशाखात लग्न झालं. काकू घरात आली आणि सगळ्यांना आवडली. मला तर फारच. ती मला वेणी घालताना गणितं घालायची आणि चुकलं की वेणी ओढायची. बैठकीतल्या बाईला ती "थोरल्या" म्हणायची. रोज काच पुसायची. भाद्रपदात पितृपंधरवड्यातल्या अविधवा नवमीला तिनं थोरल्यांच्या नावानं सवाष्ण जेवू घातली. सवाष्णीला विचारलं की थोरल्यांना काय आवडायचं, तर ती बिचारी म्हणाली, बडोद्याच्या बायकांना गोडच आवडत असणार. म्हणून दोन प्रकारची खीर झाली.

काकानं तिला खरं सांगितलं होतं, अगदी पहिल्याच आठवड्यात. ती बाई माझी कोणी नाही, ते चित्र आहे, दुकानातून आणलंय. काकूनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. पुढच्या वेळी त्यानं पोरगाही नाही असं सांगितलं, तेव्हा मात्र तिचा तोल गेला. मी चुलीजवळ बसले होते, मला सगळं ऐकू आलं.

"पहिले म्हने बायकु नही. आते म्हने पोऱ्या नही. उद्या म्हनशात, तू बी नही!"

त्या दिवसापासून तिनं काकाशी बोलणं टाकलं. पोराला मामाच्या घरून आणा, मगच बोलेन, नाहीतर मी तळोद्याला जाते, असं तिनं माझ्यामार्फत त्याला कळवलं. पोराला नाकारणाऱ्या बापाशी तिला संसार करायचा नव्हता, आणि ती बोलली ते करणारी होती. काका सुकत चालला. स्टेशनावरून सुट्टीला यायचा, ओट्यावर बसायचा, आणि परत जायचा. आमच्या घरात खरं बोलणारा तो एकटाच, आणि त्याच्यावरच कोणाचा विश्वास नव्हता. आईला जीव तुटून वाटायचं सांगून टाकावं, पण मग आबा खोटे पडले असते, व्याह्यांसमोर नाक कापलं गेलं असतं. ती नुसती भाकरी थापत राही.

काकू तिच्या परीनं चौकशी करत होती. थोरल्या कशानं गेल्या, असं तिनं आईला विचारलं. आई म्हणाली, तापानं. शेतात भाकरी घेऊन गेली तेव्हा आबांना विचारलं. आबा म्हणाले, "पान लागनं." म्हणजे साप चावला. काकूला जरा नवल वाटलं, पण साप चावल्यावर ताप येत असेल असं तिनं स्वतःचं समाधान करून घेतलं.

दिवाळीच्या बाजाराला काका, काकू आणि मी बैलगाडीनं नंदुरबारला गेलो. काकू आणि मी मागे, काका पुढे, आणि त्या दोघांचं बोलणं सगळं माझ्यातून. बाजारात पोचताच काकूनं आधी पोराला अंगरख्याचं कापड घेतलं, लाल ठिपक्यांचं. तिनं निघायच्या आधी चित्रावर वीत लावून माप काढलं होतं. खालचा भाग गवतात असल्यामुळे तो अंदाजानं, आणि पोर आता वाढलं असेल म्हणून थोडं जास्त. दुकानदारानं पोराचं वय विचारलं. काकूनं काकाकडे पाहिलं. काका तिथून चालता झाला आणि आम्हाला घेऊन तडक चाचांच्या दुकानात शिरला.

"चाचा, हिला सांगा. ती छत्रीवाली तसबीर मी तुमच्याकडनं घेतली की नाही? ती माझी कोणी नाही, हे सांगा."

चाचांनी काकाकडे पाहिलं, मग काकूकडे. आबांनी घातलेली शपथ त्यांच्या लक्षात होती. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि मोठा सुस्कारा सोडला.

"बेटी, इसकी बात का बुरा मत मान. ग़म में आदमी ऐसा ही बोलता है. बड़ी नेक बीबी थी."

"चाचा!" काका किंचाळला.

"फ्रेम मेरे ही हाथ की है. फोटो देते वक्त कितना रोया था बेचारा."

काका मटकन खाली बसला. डोकं दोन्ही हातांत धरलं. इतका हरलेला माणूस मी पुढे कधी पाहिला नाही. काकूनं पदर सारखा केला आणि हळू आवाजात विचारलं, "कशानं गेल्या त्या?"

एवढं आबांनी चाचांना शिकवलेलं नव्हतं. चाचांनी छताकडे पाहिलं, देवांकडे पाहिलं, मक्का-मदिनेकडे पाहिलं, पण मदत कुठूनच आली नाही. "तापी में," ते म्हणाले. "पूर आया था ना. बह गई. छत्री समेत."

काकू माझ्याकडे वळली. मग तिनं मला विचारलं, "तुन्ही मायनी काय सांगं व्हतं?"

"ताप," मी म्हटलं.

"आनि आबानी?"

"पान लागनं."

"म्हंजे," काकू म्हणाली, "तापमा फनफनेल बाई, साप चावना, तरी छत्री उघडीसन तापीना पूर देखाले गयी?" आणि ती हसायला लागली. आधी पदराआड, मग उघडउघड, मग दुकानाच्या पायरीवर बसून, पोट धरून. चाचांनी दोन्ही कान पकडले आणि आबांनी शपथ घातली होती हे कबूल केलं. पुस्तकाची उरलेली पानंसुद्धा आणून दाखवली. काका वर बघेचना. काकूनं त्याच्या खांद्याला हात लावला, भर बाजारात, आणि म्हणाली, "उठा. घरमा तुम्ही एकलाच खरं बोली ऱ्हायनात." कित्येक महिन्यांनी ती त्याच्याशी सरळ बोलली होती. काका उठला, चाचांना मिठी मारायला गेला, आणि मग आपण त्यांच्यावर रागावलोय हे आठवून थांबला.

परतीच्या वाटेला काकू पुढे, काकाशेजारी बसली. मला मागे सामानात टाकलं. बराच वेळ दोघं एकेक आठवून हसत होते. दोन प्रकारची खीर, कुंकू, सोसायचं असतं. मला वाटलं, चला, सुटलो. मग काकूचं हसणं थांबलं. तिच्या मांडीवर ते लाल ठिपक्यांचं कापड होतं आणि ती त्याची घडी उलगडत होती, परत घालत होती.

"बाई नही व्हती, ते बेस व्हयनं," ती म्हणाली. "पन पोऱ्या... तो बी नही?"

"नाही," काका म्हणाला.

ती रडायला लागली. अगदी घरातलं कोणी गेल्यासारखी. सहा महिने तिनं त्या पोराची वाट पाहिली होती, त्याला काय खाऊ घालायचं, कोणत्या शाळेत घालायचं, हे मला वेणी घालताना सांगितलं होतं. मला तेव्हा तिचा रागच आला, की नसलेल्या पोरासाठी कोणी रडतं का? आता येत नाही.

काकानं बैलांचा कासरा एका हातात घेतला. एवढे दिवस खरं, खरं म्हणून जीव काढणारा माणूस. जिच्यासाठी काढला तिनं शेवटी विश्वास ठेवला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं, आणि आमच्या भाषेत, अगदी आबांसारख्या ठाम आवाजात म्हणाला,

"येई. येई तो."